गोड वाळू

९ जानेवारी

दादा,

पत्र उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि वहिनी उचलते तेव्हा "ते कामावर गेलेत" असं ती सांगत असताना मागे तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

कारण घरगुती नाही, कामाचं आहे. एकवीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि तिने त्यातही कामच काढलं, असं म्हणशील. म्हण बापडा. पण अडचण अशी आहे की ती सोडवणारा गवंडी मला तुझ्याशिवाय दुसरा माहीत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या समुद्राची वाळू आणि समुद्राचंच पाणी घालून काँक्रीट करतोय. हसू नकोस. नदीत वाळू उरलेलीच नाही. इतकी उपसली की तळाचा खडक दिसतो आणि पुलाचे पाय उघडे पडलेत. इकडे समुद्राची वाळू मात्र मैलोन्‌मैल पडून आहे. म्हणून एक इंजिनिअर बाई आल्या आहेत. धक्क्यापासून दीपगृहापर्यंत त्यांना पायवाट बांधायची आहे, चाळीस मीटर लांब, खांबांवर, खाली पाणी. सगळा माल खारा आणि आत लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही. सळईच्या जागी काचेच्या धाग्यांचे गज. काच म्हणजे आपली खिडकीची नव्हे, काचेचे बारीक धागे चिकात भिजवून केलेला गज. हातात घेतला तर पोकळ आहे की काय असं वाटतं इतका हलका. गंजायला त्यात लोखंडच नाही, त्यामुळे मिठाने त्याचं काही बिघडू नये असा हिशेब. फक्त जागेवर वाकवता येत नाही, कोपऱ्याचा हवा असेल तर कारखान्यातूनच तसा मागवायचा. तू म्हणशील, जो वाकत नाही त्याला गज कसला म्हणता, काठी म्हणा.

पाच तारखेला पहिली लादी ओतली, दोन मीटरची. गज बांधले, माल टाकला, व्हायब्रेटर लावला. आणि दादा, गज वर आले! लोखंड कसं मालात गपगुमान बसून राहतं. हे मालापेक्षा हलके, त्यामुळे तरंगले. तळ्यातून म्हशीने डोकं काढावं तसं एकेक टोक वर येऊन आमच्याकडे बघायला लागलं. बाई माझ्याकडे बघतायत, मी गजाकडे बघतेय. पाच पुस्तकं आहेत त्यांच्याजवळ, पण ओल्या मालातून वर येणाऱ्या गजाचं काय करायचं ते एकातही धड लिहिलेलं नाही.

मला पहिला तूच आठवलास. तर सांग, गज खाली धरायचे कसे? लोखंडी तार चालणार नाही, ती गंजेल आणि मग सगळ्याच खटाटोपावर पाणी.

आई बरी आहे. ऐकायला कमी येतं, पण सोयीचं तेवढं सगळं ऐकते. तुझी थापी अजून तिच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा तेल लावून पुसते आणि साड्यांना डाग पडले की मला बोलते.

तुझी,
चिमटी

ता. क. पायवाटेच्या मालाचा रिपोर्ट माझ्या सहीने जायचा आहे. मी सही केली की लोक त्यावरून चालणार. रिपोर्ट या शब्दाने तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, म्हणून तो विषय इथेच सोडते.


२३ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दारावरून पुढे गेला की आई माझ्याकडे बघते. मी तुला लिहिलंय हे तिला सांगितलेलं नाही. तिला कळलेलं आहे.

एकोणीस तारखेला आम्ही डोकं चालवलं. गज वर येतात ना, मग वरून दाबू. गजांवर आडव्या पट्ट्या टाकल्या आणि त्यावर ठोकळे ठेवले. जिथे पट्टी तिथे गज खाली, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कमानीसारखा वर. लादी कापून बघितली तर आत लाटा. बाई म्हणाल्या, "समुद्राचंच काँक्रीट आहे, लाटा असणारच." विनोद बरा होता, पण हसायला कुणाला जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी चिडून किनाऱ्यावर गेले आणि तुमच्या बाकावर बसले. बाबांनी आणि तू जाळी विणणाऱ्यांसाठी बांधला होतास तो. तू तेव्हा पंधरा वर्षांचा होतास आणि मी आठ, मला फक्त पाणी आणायचं काम होतं, तेही समुद्राचंच. बादलीतलं पाणी डचमळून माझा फ्रॉक भिजला होता. त्या बाकात समुद्राची वाळू, समुद्राचं पाणी आणि आत सळई नाही. बाबा म्हणाले होते, "लोखंड नाही घातलं तर मिठाला खायला काही नाही." त्रेचाळीस वर्षं झाली. भरतीला अजून त्याचे पाय बुडतात. एक कोपरा झिजलाय, बाकी धडधाकट.

मी छिन्नी घेऊन गेलेच होते, खोटं कशाला बोलू. मागच्या बाजूचा सुपारीएवढा तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत नेऊन त्यावर चांदीचं द्रावण मारलं. मीठ असलं की ते पांढरं पडतं, नसलं की तपकिरी होतं. बोटांना लागलं तर आठवडाभर काळं राहतं, माझी आत्ताही काळीच आहेत. तुकडा आरपार पांढरा झाला. म्हणजे त्रेचाळीस वर्षं तो बाक मीठ खाऊन उभा आहे आणि त्याचं काहीही बिघडलेलं नाही. मी किती वेळ त्या तुकड्याकडे बघत बसले होते. पुस्तकात वाचलेलं असतं, तरी बाबांचं वाक्य खरं निघताना बघणं वेगळं.

सज्ज्याचा तुकडाही असाच पांढरा झाला होता. ते तुला सांगायची गरज नाही. पण आता विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण तोंडात तीळ भिजत नाही हे तू माझ्याबद्दल लहानपणापासून म्हणतोस. तू बांधलेला आपल्या घराचा सज्जा तेरा वर्षांत पडला, बाबांना घेऊन पडला. सळया आतून गंजून फुगल्या होत्या. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि शेवटपर्यंत त्यांची काठी सुटली नाही. नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला आणि तपासणारी मी. मी लिहिलं, "वाळू समुद्राची, न धुतलेली. मीठ मर्यादेच्या सहापट." जे होतं ते लिहिलं. ज्यांची ज्यांची घरं तू बांधली होतीस ते सगळे भिंती ठोकून बघायला लागले, तुला खारा गवंडी म्हणायला लागले. एकाच्याही भिंतीत काही निघालं नाही. पण तोवर तू सामान बांधलं होतंस.

ट्रकवाले नदीच्या वाळूत समुद्राची मिसळतात हे आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं? म्हणूनच तर बाबांचा नियम होता, ट्रक रिकामा झाला की आधी वाळू जिभेवर ठेवायची. खारट लागली तर परत, गोड लागली तर घमेलं उचला. त्या दिवशीही चाखली गेली होती. गोड निघाली होती.

असो. गजांचं काय करू ते सांग.

चिमटी


११ फेब्रुवारी

दादा,

कार्ड आलं!

मायना नाही, सही नाही, "आशीर्वाद" नाही. पेन्सिलीने काढलेलं चित्र. खाली फळी, फळीला भोकं, भोकातून वर आलेला दोऱ्याचा फास, फासात गज. आणि चित्राखाली दोन शब्द, "खालून बांध." एकवीस वर्षांत दोन शब्द. वर्षाला किती पडले ते मी मोजत नाही.

पण दादा, किती सोपं आहे रे! आम्ही वरून दाबत बसलो होतो, आणि तू त्याला फळीलाच जखडलंस. दोरा प्लास्टिकचा घ्यायचा, जाळ्याचा असतो तो. फळी काढली की खाली लोंबणारं टोक कापून टाकायचं. बाईंना चित्र दाखवलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "हे कुणी काढलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या ओळखीतले एक गवंडी आहेत.

ओळखीतले एक गवंडी. लिहितानाही कसंतरी झालं.

कार्ड आईला दिलं. तिने चष्मा लावून पुढून बघितलं, मागून बघितलं, सही शोधली. मग म्हणाली, "रेघ अजून सरळ येते त्याची." आणि कार्ड थापीखाली ठेवून दिलं. मला उद्या फळीला भोकं पाडायला लागणार होतं ते. आज कागदावर चित्र उतरवून घेतलंय.

उद्या ओततो.

चिमटी


१ मार्च

दादा,

गज जागेवर राहिले. बारा तारखेला ओतलेली लादी कापून बघितली, फळीपासून चार बोटांवर म्हटलं तर चारच बोटांवर. बाई लादीला हात लावून "वा" म्हणाल्या. त्या सहसा काही म्हणत नाहीत.

आणि तुझं दुसरं कार्ड आलं. "शिंपल्या चाळल्या का?"

दादा, खरं सांग, तुलाही चैन पडत नाहीये ना? ज्याला काही देणंघेणं नाही तो माणूस शिंपल्यांची चौकशी करत नाही. तर ऐक. चाळल्या. पहिल्या खेपेत नव्हत्या चाळल्या. तुटक्या शिंपल्या मालात पसरून आडव्या बसतात आणि तिथून ठोकळा फुटतो, हे आम्हाला ताकद बघायला ओतलेले ठोकळे मशीनवर फोडल्यावर कळलं. आता वाळू दोनदा चाळतो. शिंपल्यांचा ढीग पडलाय अंगणात, बाईंना त्याचंही काहीतरी करून बघायचं आहे. तुझ्यासारखीच खोड.

आणखी गंमत सांगते. खाऱ्या पाण्याचा माल लवकर आवळतो, कालवून गप्पा मारत बसलं तर घमेल्यातच दगड. पण सात दिवसांनी ठोकळे फोडले तर खाऱ्या पाण्याचे साध्या पाण्याच्या ठोकळ्यांपेक्षा मजबूत निघाले! मी काटा दोनदा बघितला, मशीन तपासून घेतलं, परत फोडले. तेच. बाई म्हणाल्या, सुरुवातीला पुढे धावतं, महिन्याभरात दुसरं त्याला गाठतं. बघू. अठ्ठावीस दिवस बारा तारखेला होतात.

काचेला सिमेंटचा त्रास होतो का, हाही एक प्रश्न आहे. म्हणून गजाचे तुकडे गरम चुन्याच्या पाण्यात शिजत ठेवलेत. बरीच वर्षं सिमेंटमध्ये काढली तर काय होईल ते काही आठवड्यांत दिसतं म्हणे. मी रोज सकाळी झाकण उघडून बघते. काही दिसत नाही, तरी बघते.

आता मुद्द्याचं. पायवाटेची पहिली भराई २४ एप्रिलला ठरली आहे. इथल्या गवंड्यांनी असले गज कधी बांधलेले नाहीत, त्यांना अजून ते काठ्या वाटतात. बाई म्हणाल्या, "ते चित्रवाले गवंडी येतील का?" तेव्हा मला सांगावंच लागलं की ते माझे भाऊ आहेत. त्यांनी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत?" ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय आहे, हे त्यांना कुठे सांगत बसू.

ये, दादा. त्या भराईला तू हवास. तू गज बघितलेस, माल बघितलास तरच मी सही करीन. नाहीतर माझ्याच्याने होणार नाही, मशीनचा काटा काही का म्हणेना.

दवाखान्यातला दिवस मला हल्ली सारखा आठवतो. बाबा पलंगावर, पायाला वजन टांगलेलं, तू पायथ्याशी उभा, मी तांब्या घेऊन दारात. बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "वाळू कुणी चाखली होती?"

मशीनवरून हाक आली. उरलेलं नंतर लिहिते.

चिमटी


१३ मार्च

दादा,

कुणी हाक मारली नव्हती. मीच पेन खाली ठेवलं होतं.

आधी कामाचं सांगून टाकते. अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे काल फोडले. साध्या पाण्याचे आणि खाऱ्याचे जवळजवळ बरोबरीत आले, बाई म्हणाल्या तसंच. दोन मीटरची लादी दोन टोकांवर ठेवून मध्ये वजन वाढवत नेलं. लोखंडी सळईच्या लादीपेक्षा कितीतरी जास्त वाकली, खालून बारीक तडे गेले. वजन काढलं तर जवळपास पहिल्यासारखी सरळ झाली, तडे मिटले. मी आयुष्यात असं बघितलेलं नाही. मोडायच्या आधी ती पुरेशी वाकून दाखवते, चालणाऱ्याला कळेल इतकी. सज्ज्याने बाबांना काहीच कळू दिलं नव्हतं.

आता ते.

बाबांनी विचारलं, वाळू कुणी चाखली होती, आणि तू म्हणालास, "मी."

तू चाखली नव्हतीस. मी चाखली होती. सतरा वर्षांची होते मी. तू वर फळ्यांवर सळया बांधत होतास आणि वरून ओरडलास, "चाख गं चिमटी, खाली आलो की वेळ जातो." मी ढिगाकडे गेले, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, थुंकली आणि ओरडले, "गोड आहे!" तू मिक्सरवाल्याला हात केलास. आणि तेरा वर्षांनी बाबांनी विचारलं तेव्हा मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याच्या आधीच रिपोर्टवर माझी सही झालेली होती. वाळू कुठली, मीठ किती, सळई कितीने गंजली, सगळं लिहिलं होतं. चाखली कुणी, असा रकाना रिपोर्टात नसतो. मी त्याचा फायदा घेतला.

तुला वाटत असेल, हिने चाखलीच नसेल, आळसाने नुसती हाक दिली असेल. एकवीस वर्षं मला त्याचंच वाईट वाटतं. नाही रे. शप्पथ, चाखली होती. आणि ती मला खारट लागली नव्हती.

का नाही लागली, ते मला रिपोर्ट लिहिताना आठवलं. माझ्या हातात खाऱ्या दाण्यांची पुडी होती. सकाळपासून खात होते. अर्धी पुडी संपलेली. जीभ मिठाने भरलेली, तिला वाळूतलं मीठ काय कळणार?

पण नुसतं आठवणं म्हणजे पुरावा नव्हे, मी एवढी वर्षं लोकांना हेच सांगत आले. ही चाचणी करायचं धैर्य मात्र मला एकवीस वर्षांत झालं नाही. परवा केली. बाईंना म्हटलं, मला कारण विचारू नका. दोन वाट्या, एकीत समुद्राची वाळू मिसळलेली, एकीत नदीची, आणि माझे डोळे बांधलेले. तोंड धुऊन दहा वेळा चाखली, दहाच्या दहा बरोबर. मग पुडीभर खारे दाणे खाल्ले आणि परत दहा वेळा चाखली. पाच बरोबर, पाच चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच.

डोळ्यांवरचा रुमाल मी लगेच काढला नाही. बाईंनी पाण्याचा ग्लास हातात दिला.

तर असं आहे. दाणे खाल्ले, आणि मग तेरा वर्षांनी मूग गिळले. बाबा गेले तेव्हा तू फाटकाशी उभा राहून परत गेलास, तेव्हासुद्धा मी तुझ्यामागे आले नाही. आले असते तर सांगावं लागलं असतं. तुझं नाव माझ्यामुळे गेलं, तुझं गाव माझ्यामुळे सुटलं. मला माफ कर असं लिहायचं होतं, पण ते एवढं स्वस्त वाटतंय की नुसतं लिहून ठेवते, तू काय ते ठरव.

चिमटी


२ एप्रिल

दादा,

वीस दिवस झाले. आता कार्डाचीही वाट बघत नाही असं सगळ्यांना सांगते आणि अकरा वाजले की दारात जाते.

आईला सांगितलं. दाण्यांसकट सगळं. जोरात ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं असेल, बरंच झालं. आई म्हणाली, "त्याला सांगितलंस ना? मग झालं. मला कशाला सांगतेस, मी काय वाळू चाखणार आहे?" आणि कपाटाकडे जाऊन थापी पुसायला घेतली, महिना व्हायला अजून अवकाश होता तरी.

रिपोर्ट टेबलावर आहे. सगळे आकडे भरलेत. चुन्याच्या पाण्यातले गजाचे तुकडे काढून ताणून बघितले, ताकद थोडी कमी झाली आहे, पण बाईंनी गृहीत धरलं होतं त्यापेक्षा कमीच घटली. सहीची जागा रिकामी आहे. बाई रोज येतात, रिपोर्टकडे बघतात, माझ्याकडे बघतात, हवापाण्याचं बोलून जातात. काल न राहवून म्हणाल्या, "तुमचा मशीनवर विश्वास नाही का?" मी म्हटलं, मशीनवर आहे. माझ्यावर नाही.

चोवीस तारीख बदललेली नाही. यायचं नसेल तर नको येऊस. पण तसं कार्डावर लिही. दोन शब्द चालतील.

चिमटी


१० एप्रिल

चिमटी,

मला लिहायची सवय नाही. हे चौथ्यांदा लिहितोय, तीन कागद चुलीत गेले. तुझी वहिनी म्हणते कागद संपायच्या आत पोस्टात टाका.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी अंगणात फळी मांडली. काचेचे गज कुठून आणू, बांबूच्या काठ्या घातल्या. तरंगल्या. तिसऱ्या वेळेला खालून बांधल्या तेव्हा राहिल्या. मग तुला चित्र पाठवलं. शेजारी विचारायला लागले की हा म्हातारपणी अंगणात काय पुरतोय.

आता दाण्यांचं. मला माहीत होतं.

तू ओरडलीस आणि घरात गेलीस. मी पाणी प्यायला खाली उतरलो. ढिगाच्या कडेला दाण्यांची लाल सालं पडली होती. मी बघितली. मला कळलं. तोंडात मीठ असताना वाळू चाखायची नाही हे मला बाबांनी दहाव्या वर्षी शिकवलं होतं, तुला कुणी शिकवलं नव्हतं. मी ढिगात हात घातला. चिमूट घेतली सुद्धा. मिक्सर सुरू झाला होता, आठ माणसं घमेली घेऊन उभी होती. खारट निघाली असती तर ट्रक परत गेला असता आणि त्या दिवशी भराई झाली नसती. मी चिमूट टाकून दिली. चाखली नाही.

म्हणून बाबांना "मी" असं म्हणालो ते तुला वाचवायला नाही. वाळू चाखणं गवंड्याचं काम आहे. तू चुकलीस, मी चुकलो नाही, मी टाळलं. हे मीही कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना पण नाही.

रिपोर्ट खरा होता. त्याचा राग नव्हता. तो मला सिमेंटच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने वाचून दाखवला, माझ्याच बहिणीची सही दाखवत. तू आदल्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतंस तर मी तोच रिपोर्ट मुकाट्याने ऐकला असता. राग त्याचा होता. पण एकवीस वर्षं जरा जास्त झाली. तुझी वहिनी हे पहिल्या वर्षापासून म्हणते.

बाकाचा तुकडा काढलास ते भोक बुजव. पाणी समुद्राचंच वापर.

बावीसला येतो. तेवीसला गज बघीन, प्रत्येक फास ओढून बघीन, तोवर सही करू नकोस. आईला सांग थापी काढून ठेव, आणि तेल पुसून टाक म्हणावं, तेलाची थापी मालाला चालत नाही.

चोवीसला सकाळी वाळू आपण दोघं चाखायची. समुद्राची आहे, खारटच लागणार, माहीत आहे मला. तरी चाखायची. आणि तोवर काही खाऊ नकोस.

दादा